ईश्वरस्वरूपाचा विचार आणि परशास्त्राचे ऋण

नागपूरहून रामटेककडे जाताना कन्हान नदीच्या काठी कामठी हे गाव लागते. इ. स. १८२१ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसविली. छावणीच्या आश्रयाने शिपाई आले, व्यापारी आले, उत्तरेकडील मुसलमान विणकर आपले माग घेऊन आले आणि ख्रिस्ती धर्मोपदेशकही आले. तेव्हापासून या गावात मशिदीतील अजान आणि ख्रिस्तमंदिरातील घंटा शेजारी शेजारी ऐकू येत आली आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेल्या रामटेकच्या स्थानवंदनासाठी या वाटेने जाणाऱ्या साधूच्या कानीही हे दोन्ही ध्वनी पडतात. ऐकणाऱ्याला सहज असे वाटते की, हे दोन धर्म परस्परांपासून अगदी वेगळे असून त्यांच्या ईश्वरविषयक विचारांचा एकमेकांशी काही संबंध नसावा. एकाने देवाचे पितृत्व व पुत्रत्व सांगावे, दुसऱ्याने ते निक्षून नाकारावे. मग त्यांच्यात देवघेव ती कसली?

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. ख्रिस्ती शास्त्रकार ईश्वरस्वरूपाचे जे तर्कशुद्ध विवेचन आपल्या विद्यार्थ्यांना शिकवितात, त्यातील काही प्रमुख युक्तिवाद अरबी भाषेत लिहिणाऱ्या मुसलमान तत्त्ववेत्त्यांनी घडविलेले आहेत. हा इतिहास केवळ माहितीसाठी जाणून घ्यावा असा नाही. त्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो प्रत्येक धर्मनिष्ठ माणसाला लागू पडतो. तो प्रश्न असा : आपल्या ईश्वराचे स्वरूप समजून घेण्यासाठी परक्याच्या शास्त्रातून युक्ती घेणे हा स्वधर्माचा द्रोह होय काय? आणि घेतलीच, तर ज्याच्याकडून घेतली त्याच्याशी कसे वागावे?

ज्ञानाचा प्रवास

प्रथम ज्ञान कोणत्या वाटेने गेले ते पाहू. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याचे ग्रंथ नवव्या शतकात बगदाद येथे अरबी भाषेत आणले गेले. हे भाषांतराचे काम करणाऱ्यांत हुनैन इब्न इसहाक यांच्यासारखे सिरियाक भाषा जाणणारे ख्रिस्ती पंडित प्रमुख होते. म्हणजे आरंभीच ऋणाची दिशा उलट होती. मुसलमानांना ग्रीक विद्या मिळाली ती बहुतांशी ख्रिस्ती भाषांतरकारांच्या हातून. त्या सामग्रीवर अल् किंदी, अल् फाराबी आणि विशेषेकरून इब्न सीना (९८०–१०३७) यांनी स्वतंत्र दर्शन उभारले. ग्रीक तत्त्वज्ञान त्यांनी केवळ जतन करून ठेवले असे म्हणणे अपुरे आहे. ॲरिस्टॉटलचा आद्य चालक आणि कुराणातील सृष्टिकर्ता एकमात्र ईश्वर यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न ग्रीकांपुढे नव्हता. तो या मंडळींपुढे होता. म्हणून त्यांना नवीन विचार करावा लागला.

इ. स. १०८५ मध्ये स्पेनमधील टोलेडो हे नगर ख्रिस्ती राजाच्या हाती आले. तेथील अरबी ग्रंथसंग्रह पाहून पुढील शतकात युरोपातील पंडित तेथे जमू लागले. इब्न सीनाचा आत्मविषयक ग्रंथ लॅटिनमध्ये आणताना एका यहुदी पंडिताने अरबी वाक्याचा अर्थ लोकभाषेत सांगावा आणि गुंडिसाल्वी नावाच्या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याने तो लॅटिनमध्ये लिहावा, अशी रीत होती. ग्रंथ मुसलमानाचा, अर्थ सांगणारा यहुदी, लिहून घेणारा ख्रिस्ती आणि मध्ये दुवा लोकभाषेचा! ज्या पंथाने शास्त्रनिरूपणासाठी संस्कृत बाजूस ठेवून मराठीचा अंगीकार केला, त्याच्या वाचकांना लोकभाषेचे हे सामर्थ्य निराळे सांगावयास नको. क्रेमोनाच्या जेरार्डने (मृत्यू ११८७) एकट्याने सत्तराहून अधिक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. पुढे मायकेल स्कॉट याने कॉर्डोव्हाच्या इब्न रुश्दची (११२६–११९८) ॲरिस्टॉटलवरील भाष्ये लॅटिन वाचकांना उपलब्ध करून दिली. लॅटिन पंडित इब्न रुश्दचे नावही घेत नसत. ‘भाष्यकार’ एवढेच म्हणत आणि तेवढ्याने तो कोण ते सर्वांना कळे.

तेराव्या शतकात, श्रीचक्रधरस्वामींचे निरूपण गोदातीरी मराठीतून चालले होते त्याच शतकात, पॅरिसच्या विद्यापीठात या ग्रंथांवरून वादळ उठले. १२१० व १२१५ मध्ये ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांच्या अध्यापनास तेथे बंदी झाली. १२५५ पर्यंत तेच ग्रंथ अभ्यासक्रमात नेमले गेले. या वातावरणात थॉमस अक्वायनस (सुमारे १२२५–१२७४) हा डोमिनिकन संन्यासी शिकला व शिकवू लागला. ख्रिस्ती ईश्वरमीमांसेला त्याने जे रूप दिले, ते पुढे त्या धर्माच्या कॅथलिक शाखेत प्रमाणभूत ठरले.

‘आहे’ या शब्दाचा विचार

इब्न सीनाचा मुख्य सिद्धांत असा. कोणत्याही पदार्थाविषयी दोन प्रश्न विचारता येतात : तो काय आहे? आणि तो आहे काय? पहिल्याचे उत्तर त्याचे स्वरूप सांगते, दुसऱ्याचे त्याची सत्ता सांगते. ही दोन निराळी आहेत. कामठीच्या विणकराने एखाद्या लुगड्याची लांबी, रुंदी, काठ, पदर, रंग हे सर्व मनात पूर्ण ठरविले, तरी तेवढ्याने लुगडे होत नाही. लुगड्याचे ‘काय’ पूर्ण असूनही त्याचे ‘असणे’ बाहेरून यावे लागते. जगातील सर्वच पदार्थ या प्रकारचे आहेत. त्यांच्या स्वरूपात ‘असलेच पाहिजे’ असे काही नाही; ते असू शकतात, नसूही शकतात. अशा पदार्थांना इब्न सीनाने ‘मुम्किन’ म्हणजे शक्य म्हटले. आता, सर्वच पदार्थ दुसऱ्याकडून सत्ता घेणारे असतील, तर ती सत्ता मुळात येते कोठून? उसनवारी करणारे कितीही जमविले, तरी त्यांच्यापैकी कोणाकडेच स्वतःचे धन नसेल तर उसने देणारा निराळा मानावाच लागतो. ज्याची सत्ता कोणाकडून आलेली नाही, ज्याचे नसणे अशक्य आहे, तो ‘वाजिब अल् वुजूद’, म्हणजे अनिवार्य सत्तावान. तोच ईश्वर. तो एकच असू शकतो आणि त्याच्यात घटक असू शकत नाहीत. कारण घटकांनी बनलेले सर्व घटकांवर अवलंबून असते.

थॉमसने तरुणपणी लिहिलेल्या ‘सत्ता आणि स्वरूप’ या विषयावरील छोट्या ग्रंथात हाच भेद पायाभूत धरला आहे आणि तेथे इब्न सीनाचे नाव तो मोकळेपणाने घेतो. त्याच्या प्रसिद्ध महाग्रंथात ईश्वराच्या अस्तित्वाचे पाच मार्ग सांगितले आहेत. त्यांतील तिसरा मार्ग शक्य आणि अनिवार्य यांच्या भेदावर उभा आहे. पण थॉमसने येथे एक पाऊल पुढे टाकले. ईश्वर म्हणजे सत्ता असणारा पदार्थ नव्हे. ईश्वर म्हणजे स्वयंसिद्ध सत्ताच, असे त्याने प्रतिपादिले. बाकी सर्व त्या सत्तेचा अंश घेऊन आहेत.

येथे विणकराचा दृष्टांत अपुरा पडतो, हेही ध्यानी घ्यावे. विणकर मेला तरी लुगडे उरते. ईश्वर आणि जग यांचा संबंध तसा नाही, असे इब्न सीना म्हणतो व थॉमसही म्हणतो. थॉमसचा दृष्टांत सूर्यप्रकाशाचा आहे : सूर्य आहे तोवर हवेत उजेड आहे, सूर्य दृष्टीआड होताच उजेड क्षणभरही थांबत नाही. जग ईश्वराने एकदा केले आणि सोडून दिले असे नसून, प्रत्येक क्षणी ते त्याच्याकडून सत्ता घेत आहे. आज एखादा ख्रिस्ती उपदेशक ईश्वर जगाला प्रतिक्षणी धारण करतो असे सांगतो, तेव्हा त्याच्या वाक्यामागे बायबलाची श्रद्धा आहेच. पण त्या वाक्याची तार्किक मांडणी बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या एका मुसलमान वैद्याच्या विचारातून घडली आहे.

ईश्वर या एका जीवाला जाणतो काय?

एवढ्यावर थांबले असते, तर हा विषय पंडितांपुरता राहिला असता. परंतु ईश्वर निरवयव, अविकारी, अनिवार्य सत्तावान म्हटला की लगेच एक कठीण प्रश्न उद्भवतो आणि त्याची झळ सामान्य उपासकाला लागते. जग क्षणोक्षणी बदलते. बदलत्या वस्तूचे ज्ञानही बदलते. ईश्वराचे ज्ञान बदलले, तर ईश्वर विकारी ठरला. न बदलले, तर आज अमुक गावी अमुक मनुष्य दुःखात आहे हे ईश्वराला कळते कसे?

इब्न सीनाने उत्तर दिले ते असे : ईश्वर विशेष वस्तू जाणतो, पण सामान्य रीतीने जाणतो. ज्योतिषी गणिताने ग्रहण जाणतो. ग्रहण लागण्यापूर्वी, लागले असता आणि सुटल्यावर त्याचे गणित तेच राहते. तसे ईश्वराचे ज्ञान कारणांच्या द्वारा सर्व कार्यांना व्यापते व स्वतः बदलत नाही. उत्तर मोठे चातुर्याचे आहे. पण ग्रहणाचे गणित जाणणे आणि अंगणात उभे राहून ग्रहण पाहणे यांत जे अंतर आहे ते राहतेच.

अल् गझालीने (१०५८–११११) नेमके तेथेच बोट ठेवले. १०९५ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या खंडनग्रंथात त्याने तत्त्ववेत्त्यांच्या वीस मतांचा परामर्श घेतला आणि तीन मते श्रद्धेच्या बाहेर जाणारी ठरविली : जग अनादी आहे हे, ईश्वर विशेष वस्तू जाणत नाही हे, आणि देहासह पुनरुत्थान नाही हे. दुसऱ्या मुद्द्यावर त्याचा आक्षेप रोकठोक आहे. झैद नावाच्या एखाद्या मनुष्याने आज्ञा पाळली की मोडली, हे या मताप्रमाणे ईश्वराला कळणारच नाही. कारण झैद हा एक विशेष मनुष्य आहे, सामान्य नव्हे. मग पाप कशाचे, पुण्य कशाचे आणि प्रार्थना तरी कोणाला करावयाची?

इब्न रुश्दने प्रत्युत्तरात प्रश्नाची मांडणीच बदलली. माणसाचे ज्ञान वस्तूंपासून उत्पन्न होते. ईश्वराचे ज्ञान वस्तूंना उत्पन्न करते. म्हणून ‘सामान्य’ की ‘विशेष’ हे माणसाच्या ज्ञानाचे प्रकार ईश्वराच्या ज्ञानाला लागूच पडत नाहीत, असे तो म्हणाला. थॉमसचे उत्तर याच दिशेने जाते. ईश्वराचे ज्ञान वस्तूंचे कारण आहे, जसे कारागिराचे ज्ञान त्याच्या कृतीचे कारण असते. कारागीर लाकूड निर्माण करीत नाही, केवळ आकार देतो. म्हणून त्याचे ज्ञान आकारापुरते. ईश्वर द्रव्यासह संपूर्ण वस्तू निर्माण करतो. म्हणून त्याचे ज्ञान त्या एकेका वस्तूच्या अगदी एकेपणापर्यंत पोहोचते. आणि बदलाचे काय? वाटेने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत. उंचावरून पाहणाऱ्याला सारी वाट एकदम दिसते. ईश्वराची दृष्टी कालातीत असल्याने त्याच्या ठायी ‘पूर्वी’ व ‘नंतर’ नाही. बदल पाहिल्याने पाहणारा बदलत नाही.

थॉमसने येथे इब्न सीनाचा अविकारी ईश्वर घेतला, गझालीने ज्यासाठी वाद मांडला ते श्रद्धावंताचे आश्वासनही राखले आणि ती सांधण्याची युक्ती इब्न रुश्दच्या विचाराशी अगदी निकट ठेवली. मुसलमान पंडितांच्या आपसातील वादातून ख्रिस्ती शास्त्राचा हा सिद्धांत तावूनसुलाखून निघाला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

गुण सांगावे की नाकारावे?

दुसरा प्रश्न गुणांचा. ईश्वर दयाळू आहे, ज्ञानी आहे, समर्थ आहे असे म्हणताना त्याच्यात अनेक धर्म मानले तर त्याचे एकत्व राहते काय? मुसलमानांतील मुअतझिला पंथ म्हणे की गुण ईश्वराहून वेगळे नाहीतच. वेगळे मानले तर अनेक अनादी तत्त्वे होतील. अल् अशअरीच्या अनुयायांचे मत की गुण खरे आहेत. ते ईश्वरच आहेत असे नव्हे आणि ईश्वराहून अन्य आहेत असेही नव्हे. याच वातावरणात वाढलेल्या व अरबीतून लिहिणाऱ्या मूसा बिन मैमून या यहुदी आचार्याने (११३८–१२०४) शेवटचे टोक गाठले : ईश्वराविषयी होकारार्थी काहीच सांगता येत नाही, ‘ज्ञानी’ म्हणजे ‘अज्ञानी नव्हे’ एवढेच.

थॉमसने या आचार्याचे मत आदराने मांडून नाकारले. भक्त ईश्वराला मंगल म्हणतो तेव्हा ‘तो अमंगल नाही’ एवढेच त्याला म्हणावयाचे नसते. मग त्याने सादृश्याचा मार्ग काढला. निरोगी मनुष्य, निरोगी ठेवणारे औषध, निरोगी अन्न. शब्द एक, अर्थ अगदी एक नव्हे आणि अगदी वेगळाही नव्हे. तसे मनुष्याचे मांगल्य व ईश्वराचे मांगल्य. शब्द ईश्वराकडे खरोखर निर्देश करतो. त्याला कवेत मात्र घेत नाही.

महानुभाव शास्त्राच्या अभ्यासकाला हे वाद परके वाटणार नाहीत. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न मानणाऱ्या आणि नित्यमुक्त परमेश्वर निर्गुण, निराकार असूनही जीवाच्या उद्धारासाठी कृपेने अवतार स्वीकारतो असे सांगणाऱ्या शास्त्रापुढेही हा प्रश्न आहेच : ज्याला विकार नाही त्याला कृपा कशी? उत्तरे वेगळी आहेत. ख्रिस्ती मत एकच अवतार मानते, इस्लाम अवतारच मानीत नाही. परंतु प्रश्न एक आहे. कारण तो मानवी बुद्धीला ईश्वराचा विचार करताना अपरिहार्यपणे पडणारा प्रश्न आहे. कृपाशून्य निर्गुणाने जीवाचे समाधान होत नाही आणि विकारी सगुणाने बुद्धीचे समाधान होत नाही.

काय घेतले, काय नाकारले

येथे अतिशयोक्तीपासून सावध राहिले पाहिजे. ख्रिस्ती ईश्वरविचार सारा मुसलमानांकडून आला असे म्हणणे चुकीचे होईल. ईश्वराच्या निरवयवतेचा विचार ऑगस्टिनकडे पाचव्या शतकातच आहे. अन्सेल्मने (मृत्यू ११०९) ईश्वरास्तित्वाचा आपला प्रसिद्ध युक्तिवाद मांडला तो टोलेडोची भाषांतरे होण्यापूर्वी. शिवाय, थॉमसने पुष्कळ गोष्टी स्पष्टपणे नाकारल्या. ईश्वरापासून जग अनिवार्यपणे, क्रमाक्रमाने उद्भवते हे इब्न सीनाचे मत त्याने सोडले. ईश्वराने जग स्वेच्छेने निर्मिले असे त्याने ठामपणे मांडले. जग अनादी नाही हे केवळ तर्काने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने मानावयाचे, हे मात्र त्याने प्रामाणिकपणे कबूल केले. सर्व माणसांची बुद्धी एकच आहे या इब्न रुश्दच्या मताविरुद्ध त्याने १२७० मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात त्याची भाषा कठोर झाली. त्रैक्याचा सिद्धांत त्याने तर्कावर उभारलाच नाही. तो तर्काच्या पलीकडचा आहे असे त्याने सांगितले.

तात्पर्य, त्याने उपास्य घेतले नाही. उपास्याविषयी नीट विचार करण्याची साधने घेतली. साधने घेऊनही तो मुसलमान झाला नाही, आणि साधने नाकारून तो आंधळाही राहिला नाही.

पण त्याच्या धर्मबांधवांपैकी काहींना एवढेही सहन झाले नाही. ७ मार्च १२७७ रोजी, थॉमसच्या मृत्यूस नेमकी तीन वर्षे होत असता, पॅरिसच्या बिशपने २१९ विधाने निषिद्ध ठरविली. ती मुख्यतः ॲरिस्टॉटल व अरबी तत्त्ववेत्ते यांच्या अनुयायांवर रोखलेली होती; तथापि थॉमसची काही मतेही त्या तडाख्यात सापडली. १३२३ मध्ये थॉमसला संतपद देण्यात आले आणि १३२५ मध्ये त्याच्या मतांना लागू होईल तेवढा तो निषेध मागे घेण्यात आला. १८७९ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी थॉमसच्या तत्त्वज्ञानाचे पुनरुज्जीवन करण्याचा आदेश दिला. एका पिढीला जे परके व घातक वाटले, तेच पुढील पिढ्यांचे प्रमाण झाले.

मराठी भूमीपर्यंत

ही विचारधारा मराठी भूमीवरही पोहोचली. १५७९ मध्ये गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याने ओवीबद्ध मराठीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. जेझुइटांच्या धर्मशास्त्राच्या शिक्षणात थॉमस अक्वायनस हाच आचार्य नेमलेला होता. पुराणाची कथा बायबलाची, छंद मराठी संतांचा आणि लेखकाची शास्त्रीय बैठक अशी की जिच्या घडणीत बुखारा व कॉर्डोव्हा यांचा वाटा आहे. ईश्वरासाठी तेथे ‘परमेश्वर’ हाच शब्द आहे, जो महानुभाव शास्त्रात चौथ्या पदार्थाचे पारिभाषिक नाव आहे. शब्द एक, सिद्धांत भिन्न. कामठीपासून दूर नसलेल्या नागपूरच्या ज्या टेकडीला सेमिनरी हिल म्हणतात, तिला ते नाव तेथील ख्रिस्ती धर्मगुरूंच्या विद्यालयामुळे मिळाले. अशा विद्यालयांतून थॉमस शिकविला जातो, तेव्हा कळत नकळत इब्न सीनाही शिकविला जातो. मशिदीचा शेजार कामठीच्या ख्रिस्तमंदिराला केवळ भिंतीचा नाही. तो ग्रंथाच्या पानापर्यंत गेलेला आहे.

ऋणाची नीती

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे येऊ. पूर्वपक्ष असा : उपासना अनन्य असावी. परक्याचे शास्त्र उघडले की अनन्यतेला तडा जातो. आज युक्ती घेतली, उद्या दैवतही घेतले जाईल. हा आक्षेप क्षुद्र नाही. अनन्यतेसाठी ज्यांनी कष्ट सोसले, त्यांच्या तोंडून तो येतो. शत्रूंपासून व उपेक्षेपासून शास्त्र राखण्यासाठी ज्या पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीत झाकून ठेवले, त्याला या भीतीचा अर्थ चांगला ठाऊक आहे.

परंतु याचे समाधान असे. अनन्यता हा भक्तीचा धर्म आहे, तर्काचा नव्हे. शिष्य एका गुरूचा असतो; पण दोन आणि दोन चार हे कोणा एका गुरूचे नसते. ‘दुसऱ्याकडून सत्ता घेणारे सर्वच असू शकत नाहीत’ हे विधान मुसलमानाने प्रथम नीट मांडले म्हणून ते मुसलमानी होत नाही, आणि ख्रिस्त्याने स्वीकारले म्हणून ख्रिस्तीही होत नाही. खरे असेल तर ते खरे आहे. आणि ज्याचा परमेश्वर सत्यस्वरूप आहे त्याने सत्य कोठून आले म्हणून भ्यावे, हेच मुळी विसंगत आहे. सकळ लिपीचा इतिहासही हेच सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे ते ग्रंथ बाहेरच्या अभ्यासकांना वाचता येऊ लागले. त्याने पंथाचे धन चोरीस गेले नाही. उलट मराठी गद्याचा उगम सर्वांना कळला आणि लीळाचरित्राचे स्थान सर्वमान्य झाले. ज्ञान दिल्याने देणाऱ्याचे कमी होत नाही.

मात्र घेण्याला नीती आहे. तिची तीन अंगे या इतिहासातून दिसतात.

पहिले अंग नावाचे. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घ्यावे. थॉमसने ते पुष्कळदा घेतले. पण त्याच्या मागून आलेल्यांनी काय केले? कवी दान्तेने आपल्या महाकाव्यात इब्न सीना व इब्न रुश्द यांना नरकाच्या पहिल्या वर्तुळात, थोर प्राचीनांच्या पंक्तीत बसविले; मान दिला, पण मोक्षाचे दार बंद ठेवले. त्याच्या श्रद्धेप्रमाणे ते त्याला प्राप्त होते, असे म्हणता येईल. परंतु पंधराव्या शतकात बेनोझ्झो गोझ्झोली या चित्रकाराने थॉमसचा विजय रंगविला, तेव्हा इब्न रुश्दला थॉमसच्या पायाखाली पालथा पाडलेला दाखविला. ज्याच्या भाष्याच्या आधाराने ॲरिस्टॉटल वाचावयास शिकले, त्याला पायपुसणे करावे, ही कृतघ्नता होय. मतभेद दाखविण्यासाठी गुरूला तुडविण्याची गरज नसते.

दुसरे अंग पूर्वपक्षाचे. गझालीने तत्त्ववेत्त्यांचे खंडन करण्यापूर्वी त्यांची मते निःपक्षपातीपणे मांडणारा एक ग्रंथ लिहिला. तो बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला. पण बहुतेक प्रतींत त्याची प्रस्तावना नव्हती. परिणाम असा झाला की, ज्याने इब्न सीनाचे खंडन केले त्या गझालीलाच युरोपातील पंडित इब्न सीनाचा अनुयायी समजत राहिले. हा दोष मूळ ग्रंथकाराचा नव्हे. अर्धी पोथी वाचणाऱ्यांचा होय. भाष्य वाचणाऱ्यांनी व लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग नित्य स्मरणात ठेवावा. पूर्वपक्षालाच सिद्धांत समजून कोणाला दोष देणे हे शास्त्राभ्यासातील सर्वांत सुलभ पाप आहे. याच्या उलट बाजूही पाहण्याजोगी आहे : गझालीने विरोधकाची बाजू इतक्या प्रामाणिकपणे मांडली की तिच्यावरून तो विरोधक आहे हे ओळखू आले नाही. खंडन करणाऱ्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

तिसरे अंग परीक्षेचे. घेतलेले पारखून घ्यावे आणि न पटणारे सांगून सोडावे. ‘सर्व धर्म एकच सांगतात’ असे म्हणून भेद पुसून टाकणे हा औदार्याचा आभास आहे. इस्लाम त्रैक्य मानीत नाही, ख्रिस्ती मत कुराणाला ईश्वरवाणी मानीत नाही आणि महानुभाव शास्त्र या दोहोंहून निराळा पदार्थविचार सांगते. हे भेद खरे आहेत. ते लपविले तर शेजाऱ्याचा आदर होत नाही. तो जे खरोखर मानतो त्याकडे दुर्लक्ष मात्र होते. ऋण मान्य करूनही भेद सांगता येतो, आणि भेद सांगूनही ऋण मान्य करता येते. थॉमसच्या ग्रंथांची शिकवण बारकाईने पाहता हीच आहे.

कामठीच्या वाटेने जाणाऱ्याला आजही दोन ध्वनी ऐकू येतील. त्यांतील एकही त्याच्या उपासनेचा नसेल. तथापि, ज्या कोणाला ते बोलावतात, तो ईश्वर या एका जीवाचे दुःख जाणतो की नाही, या प्रश्नाने एकेकाळी बगदाद, कॉर्डोव्हा आणि पॅरिस येथील माणसांची झोप उडविली होती. त्यांनी परस्परांवर कठोर टीका केली, परस्परांचे ग्रंथ निषिद्ध ठरविले आणि तरीही परस्परांकडून शिकले. ज्याला स्वतःच्या परमेश्वराच्या कृपेविषयी हाच प्रश्न कधी पडला असेल, त्याने त्या माणसांना अगदीच परके समजू नये. परक्याचे ऋण मानल्याने निष्ठा उणी होत नाही. उणी होते ती ऋण नाकारल्याने, कारण असत्यावर कोणतीही निष्ठा फार काळ उभी राहत नाही.